रेफरी चुकला का हो, नाना?

किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. घरात पिशव्या साचतात ना, तसे. त्यातली एकही मुद्दाम विकत आणलेली नसते, आणि एक दिवस दाराआडच्या खिळ्याला हात लावला की सगळ्या अंगावर!

माझ्या खिळ्याला लटकलेत ते सगळे फुटबॉलचे. आता मी धुळ्याच्या देवपुरातल्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी बाई. माझा आणि फुटबॉलचा काय संबंध? तर गॅदरिंगमध्ये माइकवर न अडखळता बोलते, एवढ्या एका गुणावर आमच्या लोकल केबल चॅनलवाल्यांनी मला धरून नेलं. धुळ्यात दर हिवाळ्यात एक स्पर्धा होते. जळगावची टीम येते, शिरपूरची येते, सोनगीरची येते, नरडाण्याच्या कारखान्यांतल्या पोरांची येते. दुपारी मॅच, संध्याकाळी सात वाजता आमचा कार्यक्रम. नाव, ‘रेफरी चुकला का?’

टेबलाच्या डाव्या बाजूला बाविस्कर नाना. रिटायर्ड पीटी सर, आयुष्यभर रेफरी. त्यांच्या मते रेफरी चुकत नसतो. उजव्या बाजूला रऊफभाई. तरुणपणी धुळ्याचे नावाजलेले फॉरवर्ड, आता लूमचा धंदा मुलांवर सोपवून मोकळे. त्यांच्या मते रेफरी चुकण्यासाठीच जन्माला येतो. मध्ये मी. आणि कॅमेऱ्यामागे भावेश, ज्याचा खरा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. त्यामुळे आमच्याकडे रेड कार्डचा रिप्ले बदामाच्या आकारात उघडायचा आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या!

एवढ्या भांडवलावर आम्ही खानदेशातल्या समस्त रेफरींचा न्यायनिवाडा करायचो.

* * *

पहिल्याच दिवशी मी लाइव्ह विचारलं, "नाना, ऑफसाइड म्हणजे नेमकं काय हो?"

रऊफभाईंनी कपाळाला हात लावला. नानांचा चेहरा मात्र खुलला. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी मनापासून विचारलाच नव्हता म्हणे!

नानांनी टेबलावर पेपरवेट ठेवला. "ताई, हा गोलकीपर." त्याच्या थोडं पुढे एक ग्लुकोजचं बिस्किट. "हा बॅक." बिस्किटाच्या किंचित अलीकडे माझा चहाचा कप. "हा फॉरवर्ड. आता मागून याला पास आला. बघा, गोलच्या बाजूला पेपरवेट आहे, बिस्किट आहे. म्हणजे फॉरवर्डच्या पुढे दोघं आहेत. ऑफसाइड आहे का?"

"नाही?" मी भीत भीत म्हटलं.

"शाब्बास! गोल!" नाना ओरडले. मला इतका आनंद झाला की मी कॅमेऱ्याकडे बघून हसले. परत टेबलाकडे बघितलं तर बिस्किट गायब.

रऊफभाई चहात बुडवून खात होते.

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. "रऊफ, काय केलंस हे? आता पुढे एकटा गोलकीपर राहिला. फॉरवर्ड ऑफसाइड झाला! मघाशी गोल होता. तू खाल्लास!"

रऊफभाईंचा घास तोंडातच थांबला. जन्मभर ऑफसाइडच्या शिट्टीला शिव्या घातलेला माणूस तो. त्यांनी घाईघाईने खिसा चाचपला, अर्धा पुडा बाहेर काढला आणि म्हणाले, "थांबा नाना, शिट्टी मारू नका! बॅक आहेत माझ्याकडे!"

* * *

रऊफभाईंचा नातू त्यांना मोबाइलवर परदेशी मॅचेस लावून द्यायचा. तिथले ते सुटाबुटातले एक्स्पर्ट, काचेच्या पडद्यावर रेघा मारणारे. इथून पिवळी रेघ, तिथून लाल रेघ, खेळाडूच्या पायाखाली गोल. रऊफभाईंनी जाहीर केलं, "मॅडम, आपल्याकडे रेघ नाही म्हणून आपल्याला कोणी मानत नाही."

दुसऱ्या दिवशी नाना स्टेशनरीच्या दुकानातून एक जाड काळा मार्कर घेऊन आले. भावेशने स्टुडिओतल्या टीव्हीवर रिप्ले थांबवला. नानांनी चष्मा सावरला, डावीकडून मोजपट्टी धरली आणि टीव्हीच्या काचेवर वरपासून खालपर्यंत एक झकास सरळ रेघ ओढली. वर्गातल्या फळ्यावर ओढावी तशी.

"बघा! पायाचा अंगठा रेघेच्या बाहेर. ऑफसाइड!"

कार्यक्रम गाजला. लोकांचे फोन आले. संपल्यावर भावेश ओलं फडकं घेऊन आला. रेघ हलेना. खोबरेल तेल लावलं, हलेना. घरून बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध आणलं, तर रेघ तशीच आणि काच मात्र धूसर! मार्करवर बारीक अक्षरात ‘परमनंट’ लिहिलेलं होतं.

त्याच टीव्हीवर चॅनलची सगळी माणसं दिवसभर बातम्या बघतात. तेव्हापासून त्या पडद्यावर जो येतो तो रेघेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. बातम्या देणाऱ्या ताई अर्ध्या ऑफसाइड, हवामानवाला पूर्ण ऑफसाइड.

एकदा कुठल्याशा पुढाऱ्याचं भाषण चालू होतं. रऊफभाई टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "नाना, हे बघा. साहेब क्लिअर ऑफसाइड!"

नानांनी नीट निरखून पाहिलं. नियमाच्या बाबतीत ते गंमत करत नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "नुसतं तिथे उभं राहणं हा गुन्हा नाही रे. खेळात भाग घ्यावा लागतो."

* * *

आमचा कॅमेरा एकच. तो मैदानाला लागून असलेल्या एका घराच्या गच्चीवर लावायचा. त्या घरातल्या काकूंची परवानगी होती, पण काकूंचं धुणंही तिथेच.

सोनगीर आणि शिरपूरची मॅच. शेवटची काही मिनिटं, स्कोअर बरोबरीत. सोनगीरच्या गोलसमोर गर्दी झाली, बॉल उडाला, आणि शिरपूरची सगळी पोरं हात वर करून ओरडली, "हॅण्डबॉल!" रेफरीने मानेनेच ‘नाही’ म्हटलं. मॅच सुटली.

संध्याकाळी स्टुडिओत वातावरण तापलेलं. भावेशने रिप्ले लावला. बॉल उडाला, सोनगीरच्या बॅकने उडी मारली, आणि वाऱ्यावर एक हिरवी साडी आडवी आली. पूर्ण पडदाभर. काठाला मोर!

"परत लाव," नाना म्हणाले. परत साडी. "स्लो कर." मोर हळूहळू गेला.

एखादा म्हणाला असता, दिसत नाही. पण एक्स्पर्ट कशाला म्हणतात मग? रऊफभाई म्हणाले, "साफ दिसतंय. हात बॉलला लागला." नाना म्हणाले, "साफ दिसतंय. बॉल छातीला लागला." साडीच्या निऱ्यांवरून दोघांनी अर्धा तास वाद घातला! वाऱ्याची दिशा निघाली, उडीची उंची निघाली. रऊफभाई तर म्हणाले, "साडीचा पदर बघा, कसा दचकलाय!"

तेवढ्यात फोन. मी स्पीकरवर घेतला.

"हॅलो, ती साडी माझी आहे," पलीकडून काकू. "मी तिच्या बाजूलाच उभी होते. हॅण्डबॉल झाला होता."

रऊफभाईंनी टेबलावर थाप मारली. नाना खुर्चीत मागे टेकले. मग हळूच विचारलं, "ताई, रेफरी कुठे होता तेव्हा?"

"त्याच्या आणि बॉलच्या मध्ये चार पोरं होती हो. त्याला बिचाऱ्याला कसं दिसणार? त्याच्यापुढे पण साडीच की!"

काकू पुढे म्हणाल्या, "उद्यापासून मी धुणं मागच्या अंगणात घालते. पण त्या रेफरीला काही बोलू नका. फार पळतो हो तो. मी रोज बघते."

* * *

जळगावची टीम आली की ‘धुळ्याचे एक्स्पर्ट धुळ्याचीच बाजू घेतात’ अशी ओरड व्हायची. म्हणून एका वर्षी जळगावतर्फे चौधरीभाऊंना बोलावलं. रावेरकडचे केळीवाले. पांढरा सदरा, भरघोस मिशी, आणि येताना केळीचा अख्खा घड! तो टेबलावर ठेवला तर मी दिसेना. शेवटी तो मागच्या पडद्यापाशी ठेवला. आमचा स्टुडिओ म्हणजे जुना फोटो स्टुडिओ, मागे काश्मीरच्या तळ्याचा पडदा. त्या दिवशी काश्मीरला केळी लागलेली अख्ख्या धुळ्याने पाहिली.

मॅचमध्ये जळगावच्या एका पोराने धुळ्याच्या पोराला मागून असा पाय घातला की तो दोन कोलांट्या खाऊन पडला. रेफरीने सरळ रेड कार्ड काढलं. आता चौधरीभाऊ काय बोलतात याकडे सगळ्यांचं लक्ष. त्यात भावेशने माझ्या कानात सांगितलं, "मॅडम, तो पोरगा त्यांचा सख्खा पुतण्या आहे."

मी सांभाळून विचारलं, "भाऊ, निर्णय जरा कडक वाटतो का?"

चौधरीभाऊंनी रिप्ले बघितला. बदाम उघडला, पाकळ्या पडल्या, पुतण्याने पाय घातला.

"नाही भो. रेड कार्ड बरोबर हाये. दोन दाखवाले पाहिजे होते."

नाना इतके खूश झाले की त्यांनी स्वतः एक केळं सोलून भाऊंना दिलं. पण भाऊंचं लक्ष अजून पडद्यावरच.

"आता पुढचं लावा जरा," ते भावेशला म्हणाले. "कार्ड दाखवल्यानंतरचं."

पुढे काही नव्हतंच. रेफरी उभा होता, हातात कार्ड. पुतण्याने त्याच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि चालत बाहेर गेला. भाऊंनी ते परत लावायला लावलं. मग परत.

"याचा बाप गेला तेव्हापासून मी वाढवला याले," ते म्हणाले. "मी ओरडलो, याच्या काकूनं समजावलं, मास्तरांनी मारलं. कोणापुढे मान खाली नाही घातली भो यानं. आज पहिल्यांदा पाह्यली." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तो रेफरी कुठला म्हणे? एक घड त्याच्या घरी पोहोचवाचा हाये."

* * *

भामरे सर हा आमचा सर्वांत जास्त झोडपला गेलेला रेफरी. दिवसा एका पतसंस्थेत नोकरी, सुटी टाकून मैदानावर. साधा, सडपातळ माणूस. रऊफभाईंची त्यांच्यावर विशेष मर्जी. "भामरे सरांना शिट्टी नको, पांढरी काठी द्या," हे वाक्य त्यांचंच. लोक आठवडाभर ते एकमेकांना ऐकवत होते.

एका संध्याकाळी कार्यक्रमाच्या आधी भामरे सर स्टुडिओच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. रऊफभाई उठून उभे राहिले. मला वाटलं, आता जुंपणार!

"भांडायला नाही आलो," सर म्हणाले. "एकच सांगायचं होतं. माझी मुलगी तिसरीत आहे. तुमचा कार्यक्रम रोज बघते. काल मला म्हणाली, पप्पा, तुम्ही रोज रोज का चुकता?"

रऊफभाई मघाशी उठलेले, ते तसेच उभे.

"मी तिला काय सांगू?" सरांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते ते.

उत्तर नानांनी दिलं. म्हणाले, "रविवारी जुन्या खेळाडूंची मैत्रीची मॅच आहे. शिट्टी रऊफ घेईल."

रविवारी रऊफभाई काळा शर्ट घालून मैदानात उतरले. गळ्यात शिट्टी, खिशात कार्डं, चालण्यात ऐट. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग एका बाजूने सुरेख चाल रचली गेली. इकडून तिकडे पास, तिकडून मध्ये, आणि आमचे रेफरी बॉलच्या मागे असे धावत सुटले की ते फॉरवर्डच्याही पुढे! "दे! इकडे दे!" असं कुणीतरी ओरडलं. ते रऊफभाईच होते. गोल झाला. रेफरीने दोन्ही हात पसरून मैदानाला अर्धी चक्कर मारली आणि गोल करणाऱ्याला मिठी मारली!

लाइनमनचा झेंडा केव्हाचा वर होता. तो बघायला रेफरी होता कुठे?

दुसऱ्या टीमची म्हातारी मंडळी त्यांच्याभोवती जमली. कुणी शर्ट धरला, कुणी नावाने हाक मारून घरचं काढलं. रऊफभाई घामाघूम. शिट्टी तोंडात, पण वाजवायला श्वास नाही.

त्या संध्याकाळी कार्यक्रमात मी नेहमीप्रमाणे विचारलं, "रऊफभाई, आजचा रेफरी कसा वाटला?"

"अत्यंत वाईट," रऊफभाई म्हणाले. "मी त्याला पर्सनली ओळखतो. माणूस चांगला आहे, पण त्याच्या हातात शिट्टी देऊ नका."

मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. एरवी ते कधी कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

"भामरे सरांच्या घरी एक छोटी ताई आपला कार्यक्रम बघते. बेटा, तुझे पप्पा रोज चुकत नाहीत. आम्ही रोज बोलतो, एवढंच."

* * *

नाना आणि रऊफभाईंमध्ये एक जुना गोल होता. रऊफभाई भरात असतानाची कुठलीशी फायनल. त्यांनी गोल मारला, नानांनी ऑफसाइड दिला, टीम हरली. तेव्हापासून दोघांचे केस पिकले, पण गोल काही जुना होईना. कार्यक्रमात कुठल्याही विषयावरून रऊफभाई तिथे पोहोचायचे. पावसाचा विषय निघाला तरी, "त्या दिवशी ऊन होतं, मॅडम. लख्ख ऊन. तरी दिसलं नाही यांना!"

मग नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. स्पर्धेच्या ऐन मध्यावर. डॉक्टरांनी आठवडाभर घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं. लाइटसमोर तर बसायचंच नाही.

मला काळजी पडली. नाना नाहीत, म्हणजे रेफरींचा वाली कुणी नाही. रऊफभाई एकटे सुटले तर काय होईल?

पहिल्या दिवशी एका पेनल्टीवरून मैदानात गोंधळ झालेला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि विचारलं, "रऊफभाई, रेफरी चुकला का?"

"नाही," रऊफभाई म्हणाले.

भावेशने कॅमेऱ्याआडून डोकं बाहेर काढलं.

"रेफरी दहा पावलांवर होता. त्याला जे दिसलं ते आपल्याला इथे बसून दिसणार नाही. निर्णय मान्य करायचा आणि पुढे खेळायचं." शब्दन् शब्द नानांचा! बोट उगारायची पद्धतसुद्धा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एका उघड उघड चुकलेल्या ऑफसाइडलाही त्यांनी पाठीशी घातलं. लोकांचे फोन येऊ लागले, रऊफभाईंची तब्येत बरी आहे ना?

कार्यक्रम संपल्यावर मी विचारलंच, "हे काय चाललंय हो?"

रऊफभाई वायरीतून पाय सोडवत होते. "मॅडम, नानांची खुर्ची रिकामी आहे ना. तिकडून बोलणारं कोणीतरी पाहिजे."

"आणि तुमच्या बाजूने कोण बोलणार?"

"माझ्या बाजूने सगळी पब्लिक आहे," ते म्हणाले. "त्यांच्या बाजूने ते एकटेच असतात."

नाना परत आले तेव्हा काळा चष्मा लावून आले. रऊफभाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास हाताशी ठेवला, लाइट जरा वळवून घेतला. मग आपल्या जागेवर जाऊन बसले आणि कार्यक्रम सुरू झाल्या झाल्या म्हणाले, "गेल्या आठवड्यात मी जे जे बोललो, ते सगळं चूक होतं!"

नाना हसले. रऊफभाई पुढे झुकले. "नाना, आता नवीन डोळे आले. आता खरं सांगा. माझा तो गोल दिसला का?"

"दिसला," नाना म्हणाले. "पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसला."

"मग?"

"ऑफसाइडच होता रे."

* * *

सविता आमच्या स्पर्धेतली पहिली बाई रेफरी. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव तिचं. आश्रमशाळेत असताना फुटबॉल खेळली, पुढे परीक्षा देऊन रेफरी झाली. नानांनी तिच्या दोनचार लहान मॅचेस पाहिल्या आणि समितीकडे हट्टच धरला, सेमीफायनल हिला द्या. नीट पार पडली तर फायनलही तिचीच.

सेमीफायनल नरडाण्याची. कारखान्यांत पोती उचलणारी, लोखंड ओढणारी दणकट पोरं. मैदान गच्च भरलेलं. तिची आई पहिल्यांदाच तिला बघायला आली होती. पुढे सगळी बाप्यांचीच गर्दी, म्हणून ती बिचारी फाटकाजवळ, सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

मॅच संपत आली होती. नरडाण्याच्या बॅकने समोरच्याला पाडलं. सविता धावत होती, धावता धावताच तिने शिट्टी वाजवली आणि हात पेनल्टीच्या जागेकडे केला.

पोरं तिच्याभोवती गोळा झाली. तिच्यापेक्षा हात हातभर उंच. गर्दीतून आरडाओरडा. ती हलली नाही. कॅप्टनशी दोन शब्द बोलली, हाताने मागे व्हा म्हणाली. पेनल्टी झाली, गोल झाला, नरडाणा हरलं.

संध्याकाळी ती स्टुडिओत आली. मुलाखत आधीच ठरलेली होती. आई सोबत होती, तिला आम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर बसवलं. घरात त्यांची पावरी बोली, पण आमच्याशी ती अहिराणीत बोलत होती.

भावेशने रिप्ले लावला. काकूंची साडी नव्हती, कुणी आडवं नव्हतं. सगळं स्वच्छ दिसत होतं. पाडापाडी झाली होती ती पेनल्टीच्या चौकोनाबाहेर. चांगली हातभर बाहेर.

मी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "निर्णय चुकला." इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. रऊफभाईंनी नुसती मान हलवली. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि दोघांनाही ते आवडलं नव्हतं.

सविता पडद्याकडेच बघत होती. "हो. चुकलं माझं," ती म्हणाली. "मी मागे पडले होते. तिथून चौकोनातलं वाटलं." तिने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "फायनल मी नाही करणार. दुसऱ्या कोणाला द्या. लोक म्हणतील, बाई आहे म्हणून चुकली. माझ्यामागून येणाऱ्या पोरींना पण तेच म्हणतील."

कार्यक्रम लाइव्ह होता. रऊफभाई म्हणाले, "बेटा, भामरे सर तर..." आणि तिथेच थांबले.

तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला. "भाऊ."

भावेशने कॅमेरा तिकडे वळवला. सविताची आई उठून उभी राहिली होती. कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती रऊफभाईंना विचारत होती.

"मन्ही पोर चुकनी, ते मी दखं. पन तिनी शिट्टी वाजाडी, तवय त्या बठ्ठा मानसे थांबनात का नही?"

रऊफभाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं. शिट्टीसरशी सगळीच्या सगळी पोरं थांबलेली दिसत होती. मग तिच्याच बोलीत म्हणाले, "थांबनात, अक्का."

"बठ्ठा?"

"बठ्ठा."

"तिनी सांगं तवय मांगे बी सरकनात?"

"सरकनात."

ती पोरीकडे वळली. मग डोक्यावरचा पदर नीट केला.

"मंग फायनलले मी बी येसू," ती सविताला म्हणाली. "माले पुढे बसाडजो."